त्यागराज भागवतर, एम. के.

(१ मार्च १९१० – १ नोव्हेंबर १९५९). तमिळ बोलपटाच्या पहिल्या पर्वातील सर्वांत लोकप्रिय गायक-नट. पूर्ण नाव मायावरम कृष्णसामी त्यागराज भागवतर. तमिळनाडूत मात्र ‘एम. के. टी.’ एवढे म्हटले तरी पुरते. १९३४ ते १९४४ या दहा वर्षांत त्यांचे नऊ चित्रपट आले आणि त्यांतल्या काहींनी तोवरचे सगळे विक्रम मोडले. १९४४च्या डिसेंबरात खुनाच्या कटाच्या आरोपाखाली त्यांना अटक झाली. १९४७ साली ते निर्दोष सुटले. त्यानंतर पाच चित्रपट आले. त्यांतला एकही पूर्वीसारखा चालला नाही. खटल्याने त्यांना संपवले, असे सहसा सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे. ज्या प्रकारच्या सिनेमाने त्यांना उभे केले, तो सिनेमाच याच सुमारास मागे पडत होता.

पूर्वायुष्य. भागवतरांचा जन्म तंजावर जिल्ह्यातील मायावरम (आजचे मयिलाडुतुरै) येथे सोनारकाम करणाऱ्या विश्वकर्मा कुटुंबात झाला. पुढे हे कुटुंब तिरुच्चीला (तिरुचिरापल्ली) आले. पोराला शाळेपेक्षा गाण्याचा नाद. बापाच्या रागाला कंटाळून तो घरातून पळाला, तो थेट आंध्रातल्या कडप्पाला जाऊन पोचला. तिथे लोकांना गाणी म्हणून दाखवत असताना वडिलांनी त्याला गाठले आणि घरी आणले. मग मात्र घरच्यांनी विरोध सोडला. तिरुच्चीत रेल्वेत अधिकारी असलेले एफ. जी. नटेश अय्यर हौशी नाटके बसवत. त्यांनी दहा वर्षांच्या या मुलाला हरिश्चंद्राच्या नाटकात रोहिदासाचे काम दिले. मदुरैच्या पोन्नू अय्यंगारांकडे कर्नाटक संगीताचे रीतसर शिक्षण झाले. हरिकथा किंवा संगीत नाटकात गाणाऱ्याला तमिळ मुलखात ‘भागवतर’ म्हणत. ती पदवी त्यांच्या नावाला चिकटली ती कायमची.

त्या काळी कर्नाटक संगीताच्या मैफलीत वरच्या जातींचाच, मुख्यतः ब्राह्मणांचा, वरचष्मा होता. सोनाराच्या मुलाला नाव कमवायला नाटक हा त्यातल्या त्यात मोकळा रस्ता होता. तिथला आदर्श होता एस. जी. किट्टप्पा: ध्वनिवर्धक नसताना उंच पट्टीत गाऊन शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवणारा तरुण नट. किट्टप्पा १९३३च्या डिसेंबरात अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी गेला. त्याची जागा रिकामी झाली आणि पुढच्याच वर्षी भागवतरांचा पहिला बोलपट आला. हा योगायोग खरा. पण रसिकांच्या कानाला त्या धर्तीच्या गाण्याची सवय किट्टप्पाने आधीच लावून ठेवली होती, हेही विसरून चालणार नाही.

चित्रपटातील पदार्पण. तमिळ बोलपटाचा जन्म मुंबईचा. ‘कालिदास’ (१९३१) हा पहिला तमिळ बोलपट आर्देशिर इराणींच्या इंपीरियल कंपनीत तयार झाला. नंतरची काही वर्षे तमिळ निर्माते मुंबई, कोलकाता, कोल्हापूर, पुणे अशा ठिकाणी स्टुडिओच्या शोधात फिरत. ‘प्रभात’ने बाबूराव पेंढारकरांच्या दिग्दर्शनाखाली ‘सीता कल्याणम’ (१९३४) हा तमिळ बोलपट काढला. त्यानेच पापनाशम शिवन हा संगीतरचनाकार सिनेमात आणला. भागवतरांच्या सर्वोत्तम गाण्यांमागे पुढे हेच शिवन उभे होते.

के. सुब्रह्मण्यम यांचा ‘पवळक्कोडी’ (१९३४) हा भागवतरांचा पहिला चित्रपट. अर्जुनाच्या एका प्रेमकथेवरचे हे नाटक त्यांनी रंगमंचावर गाजवलेच होते, नायिका एस. डी. सुब्बुलक्ष्मी याही त्याच नाटकातल्या. चित्रीकरण मद्रासच्या अडयार भागात, उघड्यावर, उन्हाच्या उजेडात झाले. पार्श्वगायन नव्हते, नट कॅमेऱ्यासमोर गायचा आणि साथीदार चौकटीबाहेर बसून वाजवायचे. जेवणाच्या खरकट्यावर कावळे जमत आणि ऐन गाण्यात काव काव सुरू होई. ते हाकलायला एक माणूसच ठेवावा लागला, असा किस्सा सांगतात. चित्रपटात पन्नासच्या आसपास गाणी होती. आज ही संख्या ऐकून हसू येईल, पण प्रेक्षक त्या गाण्यांसाठीच तिकीट काढत होता. कथा त्याला पाठच होती.

यशाचा काळ. ‘नवीन सारंगधर’ आणि ‘सत्यशीलन’ (दोन्ही १९३६) यांनंतर आलेल्या ‘चिंतामणी’ने (१९३७) सगळी गणिते बदलली. वाय. व्ही. राव दिग्दर्शित हा चित्रपट बिल्वमंगळाच्या कथेवर बेतलेला, निर्मिती मदुरैच्या रॉयल टॉकीजची. एकाच थिएटरात वर्षभर चाललेला हा पहिला तमिळ चित्रपट मानला जातो. नफ्यातून मदुरैत ‘चिंतामणी’ याच नावाचे थिएटर उभे राहिले, यावरून कमाईचा अंदाज यावा. शिवनची गाणी, विशेषतः राधेची मनधरणी करणारे ‘राधे उनक्कु कोबम’, तबकड्यांवरून गल्लीबोळात पोचली.

त्याच वर्षी आलेला ‘अंबिकापती’ वेगळ्या वळणाचा होता. दिग्दर्शक एलिस आर. डंगन हे अमेरिकन. तमिळ त्यांना येत नसे. तमिळ रामायण लिहिणाऱ्या कंब कवीचा मुलगा अंबिकापती आणि राजकन्या अमरावती यांची ही शोकांतिका. संवाद इळंगोवन यांचे. पल्लेदार साहित्यिक तमिळ पडद्यावर चालते, हे या संवादांनी दाखवून दिले. पुढे याच संवादप्रधान वाटेने तमिळ सिनेमा गेला आणि गाणारे नट मागे पडले, हा भाग नंतरचा.

‘तिरुनीलकंठर’ (१९३९), ‘अशोक कुमार’ (१९४१) आणि ‘शिवकवी’ (१९४३) हे तिन्ही गाजले. ‘अशोक कुमार’मध्ये ते सम्राट अशोकाचा पुत्र कुणाल झाले. सावत्र आईच्या वासनेला नकार दिला म्हणून डोळे गमावणारा राजपुत्र, आणि पी. कण्णांबांची दमदार तिष्यरक्षिता. याच चित्रपटात एका छोट्या भूमिकेत एम. जी. रामचंद्रन नावाचा होतकरू नट होता. ‘शिवकवी’तील ‘वदनमे चंद्र बिंबमो’ आणि ‘सोप्पन वाळ्विल’ ही गाणी आजही जुन्या तमिळ गाण्यांच्या शौकिनांच्या ओठांवर असतात.

या काळात भागवतर म्हणजे फॅशनही होती. मानेवर रुळणारे केस (‘भागवतर क्रॉप’), कानात हिऱ्याच्या कुड्या, रेशमी जिब्बा, जव्वादू या सुगंधी द्रव्याचा वास. तरुण त्यांच्यासारखे केस वाढवत. ते मैफलीला निघाले की वाटेतल्या स्टेशनांवर गर्दी उसळे. अभिनेता म्हणून ते फार मोठे नव्हते, हे त्यांच्या चाहत्यांनीही मान्य करावे: चेहऱ्यावरचे भाव मर्यादित, हालचाल रंगमंचावरची. पण आवाज सुरू झाला की हिशेब मिटे. वरच्या सप्तकात सहज फिरणारा, ताना घेतानाही शब्द स्वच्छ ठेवणारा तो गळा होता. शिवनच्या रचना आणि जी. रामनाथन यांचे वाद्यवृंदाचे काम यांनी शास्त्रीय राग तीन-चार मिनिटांच्या तबकडीत बसवले. सभागृहात कधी पाऊल न टाकलेल्या माणसाने या गाण्यांतून कर्नाटक संगीत ऐकले.

हरिदास. दिवाळीत, १६ ऑक्टोबर १९४४ रोजी ‘हरिदास’ प्रदर्शित झाला. दिग्दर्शक सुंदरराव नाडकर्णी मूळचे मंगळूरचे. कथेचा आधार तमिळ ‘भक्तविजयम’. आणि त्या ग्रंथाची परंपरा महिपतीच्या मराठी ‘भक्तविजया’पर्यंत जाते. आईबापांना छळणारा, बायकांच्या नादी लागलेला श्रीमंत तरुण ठोकर खाऊन शहाणा होतो आणि मातापित्यांच्या सेवेलाच देवपूजा मानतो: मराठी वाचकाला यात पंढरपूरचा पुंडलिक लगेच दिसेल.

टी. आर. राजकुमारी नर्तकीच्या भूमिकेत होत्या. त्यांच्याबरोबरचे ‘मन्मद लीलैयै वेंड्रार उंडो’ (मदनाच्या लीलेला जिंकणारा कोणी आहे का?) हे चारुकेशी रागातील गाणे भागवतरांची ओळखच बनले. चारुकेशीला घराघरांत पोचवण्याचे श्रेय कर्नाटक संगीताचे जाणकारही या गाण्याला देतात. मद्रासच्या ब्रॉडवे थिएटरात ‘हरिदास’ने तीन दिवाळ्या पाहिल्या. त्यांतली फक्त पहिली दिवाळी नायकाने बाहेर साजरी केली. उरलेल्या दोन दिवाळ्यांना पडद्यावर भागवतर गात होते आणि स्वतः तुरुंगात होते. लोकांनी त्यांच्याकडे पाठ फिरवली म्हणून ते पडले, या समजुतीला हा सरळ छेद आहे. निदान त्या वेळी तरी कोणी पाठ फिरवली नव्हती.

लक्ष्मीकांतन खून खटला. सी. एन. लक्ष्मीकांतन हा मद्रासमधील पत्रकार. खोट्या दस्तऐवजांच्या प्रकरणात त्याने पूर्वी शिक्षा भोगली होती. ‘सिनेमा तूदु’ या साप्ताहिकात तो नटनट्यांच्या खासगी आयुष्याविषयी गलिच्छ मजकूर छापे; तो छापू नये म्हणून पैसे देणारेही होते. भागवतर, विनोदी नट एन. एस. कृष्णन आणि निर्माते श्रीरामुलू नायडू यांनी गव्हर्नर सर आर्थर होप यांच्याकडे अर्ज केला आणि साप्ताहिकाचा परवाना रद्द झाला. लक्ष्मीकांतनने ‘हिंदू नेसन’ नावाचे दुसरे पत्र हाती घेतले आणि तोच उद्योग पुढे चालू ठेवला.

८ नोव्हेंबर १९४४ रोजी वेपेरी भागात रिक्षातून जात असताना त्याला भोसकण्यात आले. दुसऱ्या दिवशी जनरल हॉस्पिटलात तो मरण पावला. अर्ज करणारे तिघेही कटाच्या आरोपाखाली पकडले गेले. मद्रास उच्च न्यायालयात ज्युरीपुढे खटला चालला. नायडू सुटले, भागवतर आणि कृष्णन यांना ज्युरीने बहुमताने दोषी ठरवले आणि मे १९४५मध्ये जन्मठेपेची शिक्षा झाली. उच्च न्यायालयातील अपील फेटाळले गेले. मग प्रकरण लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडे, म्हणजे त्या काळच्या शेवटच्या अपील न्यायालयाकडे, गेले. कौन्सिलने अपील पुन्हा ऐकण्यासाठी ते उच्च न्यायालयाकडे परत पाठवले. फेरसुनावणीत एप्रिल १९४७मध्ये दोघेही निर्दोष ठरले. लक्ष्मीकांतनला खरोखर कोणी मारले, याचा उलगडा कधीच झाला नाही.

अटकेच्या वेळी भागवतरांच्या हाती अनेक चित्रपट होते. ते सारे गेले. निर्मात्यांनी आगाऊ रकमा परत मागितल्या. वकिलांवर आणि अपिलांवर साठवलेला पैसा ओतावा लागला. ‘उदयनन’ची ठरलेली भूमिका कर्नाटक गायक जी. एन. बालसुब्रमण्यम यांच्याकडे गेली.

उतरता काळ. सुटकेनंतर भागवतरांनी स्वतःच्या नरेंद्र पिक्चर्सतर्फे ‘राज मुक्ती’ (१९४८) काढला. चित्रीकरणासाठी निवडला पुण्याचा प्रभात स्टुडिओ, म्हणजे आजच्या एफटीआयआय या चित्रपट प्रशिक्षण संस्थेचे आवार. भूमिकांत एम. जी. रामचंद्रन, व्ही. एन. जानकी आणि पी. भानुमती होत्या, रामचंद्रन आणि जानकी या भावी पती-पत्नीची ओळख इथलीच, असे सांगतात. गायिका एम. एल. वसंतकुमारी यांचे पार्श्वगायनातले पदार्पण याच चित्रपटातले. संवाद लिहायला तमिळ कथेतले मोठे नाव पुदुमैपित्तन पुण्यात येऊन राहिले होते. तिथेच त्यांना क्षयाने गाठले आणि १९४८मध्येच ते गेले. चित्रपट पडला. भागवतरांचे स्वतःचे पैसे त्यात अडकले होते.

नंतरच्या ‘अमरकवी’ आणि ‘श्यामळा’ (दोन्ही १९५२) यांचे अपयश अधिक बोलके आहे. त्याच वर्षीच्या दिवाळीत ‘पराशक्ती’ आला: लेखन मु. करुणानिधी, पडद्यावर प्रथमच शिवाजी गणेशन. द्रविड चळवळीच्या धारदार, अनुप्रासयुक्त संवादांवर थिएटरे टाळ्यांनी दणाणत होती. अण्णादुरैंच्या ‘वेलैक्कारी’ने (१९४९) ही वाट आधीच मोकळी केली होती. देवळे, भट आणि जमीनदार यांवर आसूड ओढणाऱ्या या सिनेमात भक्तिरसाने भिजलेल्या नायकाला जागा नव्हती. पार्श्वगायन रुळल्यामुळे नायकाला गाता येण्याची गरजच उरली नव्हती. आता तो बोलता आणि लढता आला पाहिजे होता.

एन. एस. कृष्णन यांच्याशी तुलना केली तर हे स्पष्ट होते. त्यांनीही तेवढाच तुरुंग भोगला, पण बाहेर येताच ‘नल्लतंबी’सारख्या चित्रपटांतून ते पुन्हा पाय रोवून उभे राहिले. त्यांचा विनोद सामाजिक सुधारणेच्या नव्या हवेशी जुळत होता. उलट भागवतरांचे प्रतिस्पर्धी पी. यू. चिन्नप्पा यांच्यावर कोणताही खटला नव्हता. तरी १९५१मध्ये ते वारले तेव्हा गायक-नटांचा जमाना सरतच आला होता. खटला झाला नसता तर भागवतरांना आणखी चार-पाच वर्षे मिळाली असती, फार तर. मराठी रंगभूमीवर बालगंधर्वांचे जे झाले, त्याची आठवण इथे होणे साहजिक आहे.

भागवतर मैफली करत राहिले. ‘पुदु वाळ्वु’ (१९५७) त्यांनी स्वतः दिग्दर्शित केला. तोही चालला नाही. मधुमेहाने शरीर पोखरले होते. मद्रासच्या जनरल हॉस्पिटलात ४९व्या वर्षी त्यांचे निधन झाले. दफन तिरुच्चीच्या संगिलियांडपुरम भागात झाले. ‘शिवकामी’ हा शेवटचा चित्रपट मृत्यूनंतर, १९६०मध्ये आला.

वारसा. ‘चिंतामणी’ची एकही प्रत आज उपलब्ध नाही, गाणी तेवढी तबकड्यांमुळे टिकली. ‘हरिदास’ मात्र पाहायला मिळतो. त्यांच्या गायकीचा सर्वांत ठळक वारसदार टी. एम. सौंदरराजन. ‘कृष्ण विजयम’मधले (१९५०) त्यांचे पहिलेच चित्रपटगीत ‘राधे उनक्कु कोबम’च्या वळणाचे होते आणि आवाजाची फेकही भागवतरांची. पुढे ती नक्कल त्यांनी सोडली आणि एम. जी. रामचंद्रन व शिवाजी गणेशन या दोघांचाही पडद्यावरचा गाता आवाज अनेक वर्षे तेच होते.