५१ पेगासी बी: ग्रह की ताऱ्याचीच थरथर?

पूर्वा भाद्रपदाच्या दोन ताऱ्यांना जोडणारी रेघ धरा, तिच्या मध्याच्या जरा पश्चिमेला ५१ पेगासी नावाचा फिका तारा आहे. काळोख्या आकाशात नुसत्या डोळ्यांनीही दिसतो.

गुरूएवढे ग्रह ताऱ्याला अगदी खेटून फिरत असतील तर त्यांच्या ओढीने तारा जरासा मागेपुढे डुलेल आणि त्या डुलण्यावरून ते सापडतील, हे १९५२ सालीच छापून आलं होतं, पण कुणी फारसं मनावर घेतलं नाही. आपल्या गुरूला एका फेरीला १२ वर्षं लागतात, मग दुसरीकडेही तसंच असणार असं सगळे धरून चालले होते. कॅलिफोर्नियातली एक टीम १९८७ पासून ताऱ्यांच्या डुलण्याची मोजमापं घेत होती आणि त्यातला बराच डेटा तसाच पडून होता, घाई कसली! मग ऑक्टोबर १९९५ मध्ये मिशेल मेयर आणि दिदिए केलोझ या स्विस जोडीने फ्लॉरेन्सला जाहीर केलं की ५१ पेगासीभोवती गुरूच्या साधारण निम्म्या वजनाचा ग्रह (५१ पेगासी बी) ४.२३ दिवसांत फेरी मारतोय, ताऱ्यापासून जेमतेम पाऊण कोटी किमीवर. कॅलिफोर्नियावाल्यांनी दुर्बीण लावली आणि थोड्याच दिवसांत दुजोराही दिला.

पण खरी गंमत १९९७ ची. ग्रह ताऱ्याला ओढतो तेव्हा ताऱ्याच्या वर्णपटातली (उजेड रंगांत फाकवल्यावर दिसणाऱ्या पट्ट्यातली) काळी रेघ अख्खीच्या अख्खी सरकते, तिचा आकार बदलत नाही. कॅनडातल्या एका अनुभवी संशोधकाने दाखवलं की इथे आकारही बदलतोय, तोही ४.२३ दिवसांच्याच तालात, म्हणजे ग्रहबिह काही नाही, ताऱ्याचा पृष्ठभागच हलतोय. विरोधकांचं म्हणणं असं की सूर्यासारखा तारा इतक्या संथ तालात थरथरतो हे ग्रहापेक्षाही अवघड कोडं आहे, आणि तसं असेल तर उजेडही कमीजास्त व्हायला हवा, तो तर स्थिर. वर्षभर जोरदार वादावादी झाली. शेवटी १९९८ च्या सुरुवातीला त्याच संशोधकाने जास्त चांगली निरीक्षणं घेतली, आकारातला बदल काही दिसला नाही, आणि त्याने स्वतःच दावा मागे घेतला. लोकप्रिय लेखांत हे एका ओळीत उरकतात आणि त्याला उगाच व्हिलन करतात. मला ते पटत नाही, प्रश्न अगदी रास्त होता.

१९९९ ला दुसऱ्या एका ताऱ्यासमोरून असाच ग्रह जाताना उजेड दीडेक टक्का कमी झालेला पकडला, मग शंकेला जागाच उरली नाही. हे ग्रह बहुधा लांब तयार होऊन आत सरकले असं मानतात, पण कसे यावर अजून भांडण आहे. २०१९ चं अर्धं नोबेल स्विस जोडीला मिळालं ते सगळ्यांना माहितीय. त्यामानाने २००१ ची गोष्ट कुणी सांगत नाही: एचडी १६६४३५ या ताऱ्याभोवती ३.८ दिवसांचा ग्रह असावा असं वाटत होतं, रेघेचा आकार तपासला तर तो बदलत होता, डुलणं निघालं ताऱ्यावरच्या डागांमुळे. आणि तो ग्रह बाद करणाऱ्यांत स्विस जोडीतलाच एकजण पुढे होता.