डावा इंडिकेटर दिला की उजवा ब्रेक लाइट का लुकलुकतो?

गावाला, रत्नागिरीजवळ, आमची एक जुनी पिकअप आहे. आंब्याच्या सीझनला पेट्या वाहते, बाकी वर्षभर चिरे, शेणखत, काय पडेल ते. मागच्या मे महिन्यात तिचं एक विचित्र सुरू झालं. डावा इंडिकेटर दिला की मागचा डावा दिवा जेमतेम मिणमिणायचा आणि त्याच तालावर उजव्या बाजूचा ब्रेक लाइट लुकलुकायचा, तेही ब्रेकवर पाय नसताना! काकांनी बल्ब बदलले, फ्यूज बदलला, फ्लॅशर (इंडिकेटर लुकलुकवणारा रिले) सुद्धा नवीन टाकला, फरक शून्य. मग मी म्हटलं, काका थांबा, आता अजून पैसे घालू नका, मल्टिमीटर लावून बघूया.

गाडीत दिव्याकडे करंट न्यायला वायर असते, पण परत यायला बॅटरीपर्यंत वेगळी वायर ओढत नाहीत. बॅटरीची मायनस बॉडीला बोल्टने जोडलेली असते, दिव्याची काळी वायरही जवळच बॉडीला, म्हणजे परतीचा रस्ता गाडीचं लोखंडच. मेकॅनिक लोक याला अर्थ म्हणतात. आणि जुन्या गाडीत, त्यातून समुद्राकाठच्या, माझा पहिला संशय नेहमी या परतीच्या रस्त्यावरच असतो.

आधी मीही फसलो. इंडिकेटरचा बल्ब काढून होल्डरमध्ये मीटर धरला तर 12.4 व्होल्ट, एकदम ठणठणीत. पण डिजिटल मीटरचा स्वतःचा रेझिस्टन्स साधारण 1 कोटी ओहम असतो, त्याला जेमतेम मायक्रोअँपिअरभर करंट लागतो आणि 21 वॅटच्या बल्बला लागतो पावणेदोन अँपिअर, म्हणजे दहा लाख पटींहून जास्त. पाइपात कचरा अडकलेला असला तरी नळ बंद असताना प्रेशर पूर्ण दिसतं, नळ सोडला की धार करंगळीएवढी, तसंच हे. मग होल्डरचा अर्थ आणि बॉडी यांच्यामध्ये मीटरचा बझर (रस्ता जोडलेला असला की वाजतो तो) लावून पाहिला, तर तोही वाजला! हे कोडं सुटायला मला अर्धा तास लागला. शेजारचा ब्रेकचा बल्ब मी काढलाच नव्हता आणि थंड फिलामेंटचा रेझिस्टन्स पेटलेल्याच्या साधारण दहावा हिस्सा, एखाद ओहमसुद्धा नसतो, म्हणून मीटरचा करंट त्या बल्बमधून आणि पुढे उजव्या ब्रेक बल्बमधून फिरून बॉडीला जात होता आणि मीटर बिचारा सांगत होता की रस्ता चालू आहे.

खरी टेस्ट दिवा चालू ठेवूनच करायची. बल्ब परत लावला, मीटरची काळी वायर थेट बॅटरीच्या मायनसला (लांब वायर जोडून), लाल टोक होल्डरच्या अर्थला, आणि काकांना म्हटलं इंडिकेटर द्या. इथे फार तर 0.1-0.2 व्होल्ट दिसायला हवे होते. दिवा लागला की आकडा सात-साडेसातवर उडी मारायचा, विझला की शून्य. म्हणजे अर्थ तुटलेला आणि करंट तिथे अडकून दुसरी वाट शोधतोय.

ती वाट अशी. डाव्या बाजूच्या सगळ्या बल्बांचा अर्थ एकच. तो गेल्यावर इंडिकेटरमधून आलेला करंट डाव्या ब्रेकच्या फिलामेंटमध्ये उलटा शिरतो, ब्रेकच्या वायरने उजवीकडे जातो आणि उजव्या ब्रेक बल्बमधून तिकडच्या चांगल्या अर्थला उतरतो. एकापाठोपाठ तीन सारखे बल्ब, ढोबळ हिशोबाने 12 व्होल्टचे प्रत्येकाला चार-चार. (थोडा करंट पार्किंगच्या बारीक फिलामेंटमधूनही निसटतो.) फिलामेंटच्या बल्बचा उजेड व्होल्टेजच्या साधारण 3.4 व्या घाताने बदलतो, म्हणजे तृतीयांश व्होल्टेजला उजेड उरतो 2-3 टक्के, म्हणून ते मिणमिणणं. हेडलाइट पिवळट पडतात त्याचंही बऱ्याचदा हेच कारण, 12 चे 10 व्होल्ट झाले की उजेड जवळजवळ अर्ध्यावर येतो आणि लोक जास्त वॅटचे बल्ब टाकतात, ज्याने वायरी तापतात. तसं करू नका, प्लीज. आणि उडालेल्या फ्यूजच्या जागी तार तर कधीच गुंडाळू नका, मग फ्यूजऐवजी हार्नेस, म्हणजे गाडीतला वायरींचा जुडगा, जळतो.

काळी वायर धरून मागे मागे गेलो, तर डाव्या मडगार्डच्या आत चिखलाच्या थराखाली बोल्ट सापडला. वायरच्या टोकाचं तांब्याचं थिंबल (बोल्टमध्ये अडकवायची कडी) हिरवं पडलेलं, बोल्टखाली गंजाचे पापुद्रे, पाना लावताच अर्धा गंज हातात आला. तांबं आणि लोखंड एकमेकांना चिकटून, वर खारा दमटपणा, म्हणजे तिथे छोटी बॅटरीच तयार होते आणि त्यात लोखंड झिजतं. त्या गंजातून करंट जवळजवळ जातच नाही.

बॅटरीची मायनस आधी काढली (प्लस आधी काढताना पाना बॉडीला लागला तर थेट शॉर्ट), बोल्टखालची जागा पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासली, नवीन थिंबल, नवीन बोल्ट, आवळल्यावर वरून ग्रीस. पुन्हा मीटर लावला तर 0.05 व्होल्ट आणि इंडिकेटर असा लख्ख की काका गाडीमागे उभे राहून बघतच बसले. उजव्या बाजूचा अर्थ चांगलाच होता, तरी तोही उघडून घासून घेतला, पाऊस पंधरा दिवसांवर आला होता.