बेवारडर की बेवारिअर? शेजाऱ्याकडे ठेवलेल्या ताटांची गोष्ट

डच भाषेत ‘बेवारेन’ म्हणजे जपून ठेवणं. जपून ठेवतो तो ‘बेवारडर’. दुसऱ्या महायुद्धानंतर या साध्यासुध्या शब्दाला ‘आरिअर’, म्हणजे आर्य (नाझींच्या लेखी ज्यू नसलेला), हे शेपूट जोडून एक बोचरा शब्द रुळला: ‘बेवारिअर’. ज्यू शेजाऱ्याच्या वस्तू सांभाळायला घेतल्या आणि परत द्यायचं नावच काढलं नाही, असा माणूस. मराठी कानाला दोन्ही शब्दांत ‘बेवारस’ ऐकू येतं. व्युत्पत्तीचा काही संबंध नाही, पण एकदा ऐकू आलं की डोक्यातून जात नाही.

हे दोघे एकमेकांत मिसळतात याचं कारण, १९४२ मध्ये दोघांनीही अगदी तेच केलं होतं. त्या वर्षीच्या मे महिन्यात नेदरलँड्समध्ये जर्मन अंमलाचा हुकूम निघाला: ज्यू कुटुंबाने २५० गुल्डनपर्यंतचीच पुंजी ठेवायची, बाकी सोनं, चांदी, चित्रं एका ठरावीक बँकेत जमा करायची. लग्नाची अंगठी, तोंडातले सोन्याचे दात अशा मोजक्या गोष्टी वगळल्या होत्या. जुलैपासून वेस्टरबोर्कच्या छावणीतून ज्यूंना घेऊन पूर्वेकडे, मृत्युछावण्यांकडे, गाड्या सुटू लागल्या. माणसं गेली की पुल्स नावाच्या कंपनीच्या गाड्या दाराशी येऊन घर रिकामं करत. ‘पुल्सेन’ हे क्रियापदच झालं, इतकं ते रोजचं होतं.

तेव्हा लोक रात्री, मागच्या दाराने, शेजाऱ्याकडे सामान पोचवत. चादरी, चांदीचे चमचे, चिनी मातीची ताटं, शिवणयंत्र. पावती कोण देणार? कागद सापडला तर दोघेही गोत्यात. सामान घेणाऱ्याने धोका पत्करला होता, हे विसरून चालणार नाही. पुढे जो बेवारिअर ठरला, त्यानेसुद्धा त्या रात्री दार उघडलं होतं.

फरक पडला तो १९४५ मध्ये, त्याच दारात. नेदरलँड्समधून सुमारे १ लाख ७ हजार ज्यूंना पाठवलं गेलं होतं. छावण्यांतून परतले साधारण ५,२००. लपून वाचलेले आणखी हजारो. त्यांतलं कुणी येऊन बेल वाजवली की बेवारडर आत जाऊन पेटी घेऊन येई. बेवारिअर दारातच उभं राहून म्हणे, आमचेही फार हाल झाले हो, भुकेच्या हिवाळ्यात सगळं बटाट्यांवर गेलं. पंचाईत अशी की हे कधी कधी खरंही असे. १९४४-४५ च्या हिवाळ्यात पश्चिमेकडच्या शहरांत लोकांनी ट्युलिपचे कंद उकडून खाल्ले. अन्नासाठी स्वतःच्या चादरी विकणाऱ्याने शेजाऱ्याच्याही विकल्या, तर त्याला काय म्हणायचं? मी त्याला बेवारिअर म्हणणार नाही. पण आत टेबलावर तीच ताटं मांडलेली दिसत असताना जो असं सांगतो, त्याच्यासाठीच हा शब्द आहे.

निखळ बेवारडर पाहायचा तर अ‍ॅन फ्रांकच्या कुटुंबाला लपून राहायला मदत करणाऱ्या मीप खीस यांचं टेबल पाहावं. ऑगस्ट १९४४ मध्ये फ्रांक कुटुंबाला पकडून नेल्यावर अ‍ॅनच्या वह्या त्यांनी उचलल्या आणि न वाचता खणात ठेवल्या. वाचल्या असत्या तर त्यातल्या नावांपायी जाळून टाकाव्या लागल्या असत्या, असं त्या पुढे सांगत. अ‍ॅन परतणार नाही हे कळल्यावर तो खण वडिलांपुढे रिकामा केला.

हडपणारे सगळे सुरुवातीपासूनच चोर होते, हे मला पटत नाही. वस्तू घरात राहिली की अंगवळणी पडते. पहिलं वर्ष ताटं कपाटाच्या वरच्या फळीवर. मग एखाद्या वाढदिवसाला बाहेर. मग दर रविवारी. ‘त्यांची’ हा शब्द केव्हा गळून पडला ते घरात कुणालाच सांगता येत नाही. आणि १९५० च्या दशकात त्याच ताटांत जेवून मोठी झालेली मुलगी? तिला त्यांची खरीच ओढ असते. तिच्या लेखी ती आईची ताटं. आईची हाव आणि मुलीची ओढ एकाच फळीवर. चमच्यावर कोरलेली अक्षरं आपल्या आडनावाशी का जुळत नाहीत, हे तिने विचारलं की आई विषय बदलते.

घराची तऱ्हा वेगळी. घर रात्री मागच्या दाराने नेता येत नाही. ते कागदावर हिसकावलं गेलं: १९४१ च्या हुकुमाने ज्यूंची घरं-जमिनी जर्मन कारभाराखाली गेल्या आणि त्यातल्या पुष्कळ विकल्या गेल्या. घेणाऱ्याच्या हाती रीतसर खरेदीखत. युद्धानंतर असे व्यवहार रद्द करायला खास न्यायमंडळ नेमलं गेलं, पण ‘आम्ही सद्हेतूने घेतलं’ हा बचाव होताच आणि बरीच प्रकरणं तडजोडीत मिटली. इथे बेवारिअर शब्द चालत नाही. सांभाळायला म्हणून कुणी काही दिलंच नव्हतं.

आम्सटरडॅम पालिकेला मात्र कुठल्या खान्यात घालावं, समजत नाही. तिथे बरीच जमीन पालिकेची, घरमालक तिचं भाडं भरतो. परत आलेल्या ज्यू मालकांकडे पालिकेने युद्धकाळातलं थकलेलं भाडं मागितलं, वर उशिराचा दंड. त्या काळात त्या घरांत दुसरेच कुणी राहत होते. मालक छावणीत किंवा कुणाच्या तरी माळ्यावर. मालकांनी पत्रं लिहिली, विनवण्या केल्या. २०११ मध्ये जुने दस्तऐवज डिजिटल करण्याच्या कामावर असलेल्या एका विद्यार्थिनीला ती सापडली. २०१६ मध्ये पालिकेने ज्यू समाजासाठी १ कोटी युरो देण्याचं ठरवलं. पत्रं मात्र पालिकेने जवळपास सत्तर वर्षं नीट जपून ठेवली होती.