लांबणारे दिवस आणि वाढणारी मुले

फ्रान्सच्या बर्गंडी प्रांतातील गेनो द मोंबेयार यांना १७५९ साली मुलगा झाला. त्याची उंची त्यांनी जन्मापासून तो अठरा वर्षांचा होईपर्यंत, साधारण दर सहा महिन्यांनी मोजून लिहून ठेवली. त्यांचे स्नेही आणि प्रसिद्ध निसर्गशास्त्रज्ञ ब्यूफाँ यांनी १७७७ साली ही नोंद छापली. एकाच मुलाच्या वाढीची इतक्या दीर्घ काळाची नोंद म्हणून ती आजही अभ्यासली जाते. हे आकडे पाहताना ब्यूफाँ यांच्या नजरेने एक बारीक गोष्ट टिपली होती. मुलगा वर्षभर सारख्या वेगाने वाढत नव्हता. हिवाळ्याच्या सहा महिन्यांपेक्षा उन्हाळ्याच्या सहा महिन्यांत तो अधिक उंच होत होता.

पुढे शंभर वर्षांनी कोपनहेगनमधील मूकबधिर मुलांच्या शाळेचे प्रमुख रास्मुस मालिंग-हान्सेन यांनी १८८०च्या दशकात आपल्या शाळेतील मुलांची उंची आणि वजन रोजच्या रोज, कित्येक वर्षे मोजले. त्यांनाही तेच दिसले, आणि त्यात एक भरही पडली. उंची वसंतापासून उन्हाळ्यापर्यंत झपाट्याने वाढते, तर वजन शरद ऋतूत वाढते. हिवाळ्यात पुरणारा पायजमा वसंत सरता सरता घोट्यांच्या वर येतो, हा अनुभव बहुतेक आईवडिलांना असतो. त्यामागे केवळ भास नाही. म्हणूनच मुलांच्या वाढीचा वेग ठरवताना डॉक्टर दोनतीन महिन्यांच्या फरकावर विसंबत नाहीत, शक्यतो पूर्ण वर्षाच्या अंतराने घेतलेली मापे मागतात. मापे एकाच वेळी, म्हणजे नेहमी सकाळी किंवा नेहमी संध्याकाळी घ्यावीत, हेही लक्षात ठेवावे, कारण दिवसभर उभे राहण्याने आणि खेळण्याने मणक्यांमधील चकत्या दबतात आणि मूल संध्याकाळी किंचित बुटके भरते.

वसंतात असे काय बदलते, की ज्याची दखल हाडांनीही घ्यावी? ऊब, मोकळी हवा, धावपळ, ताजे अन्न अशी अनेक कारणे सुचतात आणि त्यांतील कोणतेही पूर्णपणे बाद करता येत नाही. पण १९७१ साली ब्रिटनमध्ये मार्शल आणि स्वान यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाने एक नेमका धागा हाती दिला. त्यांनी डोळस आणि अंध अशा दोन्ही मुलांच्या वाढीच्या वेगाची तुलना केली. वेगातील चढउतार दोघांतही होते. परंतु डोळस मुलांचा वेग ऋतूंशी जुळलेला होता, तर पूर्ण अंध मुलांच्या वेगाचे शिखर वर्षाच्या कोणत्याही महिन्यात येत होते. ऊब आणि मोकळी हवा तर दोघांनाही सारखीच मिळत होती. शरीराला ऋतू कळतो तो निदान काही अंशी डोळ्यांवाटे, प्रकाशातून, असा याचा अर्थ होतो.

पृथ्वीचा आस सुमारे २३.४ अंशांनी कललेला असल्यामुळे दिनमान वर्षभर बदलत राहते, पण ते सारख्या वेगाने बदलत नाही. डिसेंबर आणि जूनच्या अखेरीस ते जवळजवळ थबकते, आणि मार्च व सप्टेंबरमधील विषुवदिनांच्या सुमारास सर्वांत झपाट्याने बदलते. साठ अंश अक्षांशावर मार्चच्या उत्तरार्धात दिवस रोज सुमारे साडेपाच मिनिटांनी लांबतो, पन्नास अंशांवर पावणेचार मिनिटांनी आणि वीस अंशांवर जेमतेम सव्वा मिनिटाने. दक्षिण गोलार्धात हेच सप्टेंबरमध्ये घडते. तापमान आज वाढते आणि उद्या पडते, पाऊस लवकर येतो किंवा लांबतो. दिनमान मात्र कधी चुकत नाही. म्हणून ज्या सजीवांना ऋतूचा अचूक अंदाज हवा असतो त्यांनी उबेपेक्षा प्रकाशावर भरवसा ठेवलेला आहे.

याचा एक ठोस पुरावा पक्ष्यांनी दिला. कॅनडातील अल्बर्टा प्रांतात विल्यम रोवन यांनी १९२०च्या दशकात जंको नावाचे छोटे पक्षी उघड्यावरच्या पिंजऱ्यांत ठेवले आणि ऐन हिवाळ्यात, गोठवणाऱ्या थंडीत, विजेच्या दिव्यांनी त्यांचा दिवस रोज थोडा थोडा लांबवला. बाहेर बर्फ असतानाच त्या पक्ष्यांच्या प्रजननग्रंथी वाढू लागल्या. पुढे कळलेली गोष्ट अधिक विलक्षण आहे. पक्ष्यांना हा प्रकाश डोळ्यांवाटे मिळावा लागत नाही. तो पातळ कवटीतून थेट मेंदूत झिरपतो आणि तेथील खोलवरच्या पेशी त्याची नोंद घेतात. फ्रान्समध्ये झाक बेन्वा यांनी १९३०च्या दशकात बदकांवर प्रयोग करून हे दाखवले. पहाटे कुंपणावर बसून गळा फुगवणाऱ्या पक्ष्याकडे मूल बोट दाखवते, तेव्हा त्या गाण्यामागे असलेला प्रकाश पक्ष्याने डोक्याच्या हाडातून घेतलेला असतो, आणि मुलाने तोच डोळ्यांतून.

प्रकाश मेंदूत पोहोचल्यावर काय होते, हे जपानमधील नागोया विद्यापीठाच्या ताकाशी योशिमुरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली लाव्हा पक्ष्यांत उलगडले. दिवस लांबला की मेंदूच्या तळाशी एक विकर (रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन, म्हणजे एन्झाइम) सक्रिय होते आणि ते थायरॉक्सिन या संप्रेरकातील आयोडीनच्या चार अणूंपैकी एक काढून टाकते. उरलेला तीन आयोडीन अणूंचा रेणू कितीतरी अधिक प्रभावी असतो, आणि त्याच्या इशाऱ्यावर प्रजननाची सारी यंत्रणा जागी होते. पक्ष्याचा वसंत हा असा एका अणूच्या फरकाने सुरू होतो.

हेच संप्रेरक गावाबाहेरच्या तळ्यात डोळ्यांदेखत काम करताना दिसते, आणि मुलांना दाखवण्यासारखे याहून चांगले दृश्य मला माहीत नाही. बेडकाची अंडी पारदर्शक गोळ्यांच्या पुंजक्यात असतात. अनेक जातींत आतला ठिपका काळा असतो आणि तो ऊन शोषून घेतो. त्यातून निघालेले बेडूकमासे आधी पाणवनस्पतींना चिकटून राहतात आणि मग दगडांवरचे शेवाळ खरवडू लागतात. उथळ पांढऱ्या बशीत तळ्यातले थोडे पाणी घेऊन त्यात एखादा अलगद सोडला, तर पोटाच्या पातळ कातडीतून आतड्याचे वेटोळे चक्क दिसते. वनस्पती पचवायला लांब आतडे लागते, म्हणून ते असे गुंडाळून ठेवलेले असते. काही आठवड्यांनी शेपटीच्या मुळाशी मागच्या पायांचे कोंब फुटतात. पुढचे पाय त्याच सुमारास कातडीखाली गुपचूप तयार होत असतात आणि एके दिवशी एकाएकी बाहेर येतात. त्यानंतर तोंड रुंदावते, आतडे आखडते, कल्ले जातात, आणि प्राणी काही दिवस काहीच खात नाही. आक्रसणाऱ्या शेपटीतील द्रव्यांवर त्याचे भागते. या अवस्थेत त्याला खाऊ घालण्याचा आग्रह धरू नये. पाण्याबाहेर चढून बसायला एक दगड मात्र हवा, कारण फुप्फुसांनी श्वास घेऊ लागलेले पिल्लू पाण्यात बुडून मरू शकते. हाताळताना हात ओले असावेत आणि त्यांवर साबण किंवा मलम नसावे. पाहून झाले की ज्या तळ्यातून आणले त्याच तळ्यात सोडावे. आणि तळ्याकाठी लहान मूल एका हाताच्या अंतरावर असावे. इतक्या लहान वयात बुडायला वीतभर पाणीही पुरते आणि ते आवाज न होता घडते.

हे सारे रूपांतर थायरॉइड ग्रंथी घडवते, हे १९१२ साली योगायोगाने कळले. गुडरनाच यांनी बेडूकमाशांना घोड्याच्या निरनिराळ्या ग्रंथींचे तुकडे खाऊ घातले, तेव्हा थायरॉइड खाणाऱ्यांना वेळेआधीच पाय फुटले आणि त्यांचे माशीएवढे बेडूक झाले. दोनच वर्षांनी, १९१४च्या नाताळच्या दिवशी, अमेरिकेतील एडवर्ड केंडॉल यांनी थायरॉक्सिनचे शुद्ध स्फटिक मिळवले. बशीशी उकिडवे बसून बघणाऱ्या मुलाच्या गळ्यातील ग्रंथीही हाच रेणू बनवत असते. त्याच्याविना हाडे लांबत नाहीत आणि पहिल्या दोनतीन वर्षांत मेंदूची घडण खुंटते. अनेक देशांत नवजात बाळाच्या टाचेतून रक्ताचा थेंब घेऊन हे संप्रेरक पुरेसे आहे की नाही, हे पहिल्या काही दिवसांतच तपासतात, कारण वेळेवर गोळी सुरू केली तर मूल अगदी सर्वसामान्यपणे वाढते. मुलांची उंची वसंतात वेगाने वाढण्यामागे हेच एकमेव कारण आहे असे म्हणणे घाईचे होईल. परंतु पक्षी, बेडूक आणि मूल एकाच रेणूच्या आधाराने वाढतात, हे पूर्णपणे सिद्ध झालेले आहे.

मुलांचा वसंत मोठ्यांच्या वसंतापेक्षा वेगळा असतो, याचे एक साधे भौतिक कारण आहे. वेधशाळेतील तापमापक जमिनीपासून सव्वा ते दोन मीटर उंचीवर असतो, आणि दोन वर्षांचे मूल असते जेमतेम ८६ सेंटिमीटर. स्वच्छ दुपारी काळी, कोरडी माती तिच्या वरच्या हवेपेक्षा बरीच तापते आणि खाली वाराही कमी असतो, त्यामुळे रांगणाऱ्या मुलाला मोठ्या माणसापेक्षा अधिक गरम होते. निरभ्र संध्याकाळी हे उलटते. जमीन आकाशाकडे उष्णता टाकत राहते आणि सर्वांत थंड हवा तिच्यालगत साचते. दुपारी स्वेटर काढण्यासाठी आणि सूर्यास्तानंतर तो घालण्यासाठी आपल्या अंगाची साक्ष काढू नये. मुलाच्या मानेला हात लावून पाहावे.

मातीशी येणाऱ्या संबंधाबद्दलही आता बरेच कळले आहे. फिनलंडमधील संशोधकांनी काही पाळणाघरांच्या अंगणात जंगलातील माती आणि हिरवळीचे थर आणून टाकले आणि तीन ते पाच वर्षांच्या मुलांना तेथे रोज खेळू दिले. २८ दिवसांत त्यांच्या त्वचेवरील जिवाणूंची विविधता वाढली आणि प्रतिकारशक्तीचा तोल राखणाऱ्या घटकांत अनुकूल बदल दिसले. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात मुले ७५च होती, म्हणून त्यावरून फार मोठे निष्कर्ष काढू नयेत. तरी अमेरिकेतील आमिश आणि हटराइट या दोन शेतकरी समाजांच्या २०१६च्या तुलनेशी तो जुळतो. दोन्ही समाजांचे वंशमूळ सारखेच. परंतु घराला लागूनच गोठा असलेल्या आमिश मुलांत दम्याचे प्रमाण ५.२ टक्के, तर यांत्रिक पद्धतीने शेती करणाऱ्या हटराइट समाजात २१.३ टक्के आढळले. मातीत खेळू द्यावे. मात्र जेवणापूर्वी हात साबणाने धुवावेत, धनुर्वाताची लस वेळेवर द्यावी आणि उंच गवतातून आल्यावर काखा, जांघा आणि कानांच्या मागे गोचीड आहे का, ते पाहावे.

प्रकाशाचा सर्वांत निःसंशय लाभ डोळ्यांनाच होतो. जन्मतः नेत्रगोल सुमारे १७ मिलिमीटर लांब असतो आणि वाढता वाढता २३-२४ मिलिमीटरपर्यंत जातो. तो त्याहून लांबला तर दूरचे धूसर दिसू लागते. लक्स हे प्रकाशाची तीव्रता मोजण्याचे एकक. घरात ३०० ते ५०० लक्स प्रकाश म्हणजे भरपूर असे आपण मानतो, पण बाहेर झाडाच्या सावलीतही तो काही हजार लक्स असतो आणि भर उन्हात एक लाखापर्यंत जातो. अशा प्रकाशात दृष्टिपटलातून डोपामिन हे रसायन स्रवते आणि ते नेत्रगोलाच्या अवाजवी वाढीला लगाम घालते, असे प्राण्यांवरील प्रयोगांतून दिसते. चीनमधील ग्वांगझू येथे पहिलीतील मुलांना शाळेच्या दिवशी ४० मिनिटे अधिक बाहेर नेले, तेव्हा तीन वर्षांत ३०.४ टक्के मुलांना लघुदृष्टी आली. ज्यांना तसे नेले नाही त्यांच्यात हे प्रमाण ३९.५ टक्के होते. सावलीतला प्रकाश यासाठी पुरतो, ही मोठी सोय आहे, कारण वसंतातील गार हवा फसवते. २० एप्रिलच्या दुपारचा सूर्य २३ ऑगस्टच्या सूर्याइतकाच उंच असतो आणि त्याचे अतिनील किरणही बरेच प्रखर असतात. मुलाची सावली त्याच्या उंचीपेक्षा आखूड पडत असेल, तर टोपी घालावी किंवा झाडाखाली खेळावे.

राहिला प्रश्न झोपेचा. लांबलेल्या संध्याकाळी मूल अंगणातून आत यायला तयार नसते आणि आत आले तरी झोपत नाही, ते हट्टापायी नव्हे. दृष्टिपटलात काही पेशी अशा असतात, की ज्यांचे मुख्य काम दृश्य दाखवणे नसून शरीराच्या घड्याळाला दिवस असल्याचे कळवणे हे असते. लहान मुलांच्या डोळ्यांतील बाहुल्या मोठ्या आणि नेत्रभिंग अधिक स्वच्छ असल्यामुळे त्या पेशींपर्यंत मोठ्यांपेक्षा अधिक प्रकाश पोहोचतो. कोलोरॅडो विद्यापीठात तीन ते पाच वर्षांच्या मुलांना झोपण्याआधी तासभर सुमारे १,००० लक्स प्रकाशात खेळू दिले, तेव्हा झोपेची चाहूल देणारे मेलाटोनिन सुमारे ८८ टक्क्यांनी घटले, आणि दिवे मंद केल्यावर पाऊण तास उलटला तरी ते पूर्ववत झाले नव्हते. ज्या मुलाला आठ वाजता झोपवायचे त्याला सात वाजल्यापासून मंद उजेडात आणावे, पश्चिमेच्या खिडकीचा पडदा ओढून घ्यावा, आणि सकाळी उठल्याबरोबर अंगणात न्यावे, कारण सकाळचा प्रकाश हेच घड्याळ पुढच्या रात्रीसाठी थोडे लवकर लावून देतो.