पिशवी कोणाच्या हातात?

नोव्हेंबरात थंडी पडली की खान्देशात भरताच्या पार्ट्या सुरू होतात. जळगावजवळच्या एका वृद्धाश्रमात दर हिवाळ्यात कोणी ना कोणी भरीत-पुरी पोचती करतं. यंदा मात्र तिथल्या चार आज्या वांगी आणायला स्वतःच आठवडे बाजारात निघाल्या. पिशवी नि पैसे त्यांच्याकडे. मी नुसता सोबतीला.

"वांगा कसा दिनात रे, दादा?" ऐंशी ओलांडलेल्या एका आजींनी खाली वाकून एक हिरवं वांगं उचललं, तळहातावर तोललं, परत ठेवलं. दुसरं उचललं. भरताला हलकं वांगं घ्यायचं, जड लागलं तर आत बियाच फार. आश्रमात या आजींच्या चहात साखरसुद्धा दुसरं कोणी तरी घालतं.

त्या पाच मिनिटांत शरीरात बरंच काही चाललं होतं. वाकताना तोल सावरायला पोटऱ्या आणि मांड्या कामाला लागल्या होत्या. हातातलं वजन मेंदू जुन्या आठवणीशी ताडून बघत होता. गलक्यात एकच आवाज ऐकायचा, भाव लक्षात ठेवायचा, मनात वजाबाकी करायची, हे सगळं एकाच वेळी. चालता-बोलता लक्ष असं वाटून घेणं उतारवयात जड जातं. १९९७ साली छापून आलेल्या एका स्वीडिश अभ्यासात वृद्धनिवासातल्या ५८ जणांना चालताना नुसतं बोलतं केलं. त्यातले १२ जण उत्तर द्यायला जागीच थांबले. पुढच्या सहा महिन्यांत त्या बारांपैकी दहा जण पडले. घोटीव फरशीच्या व्हरांड्यात फेऱ्या मारून ही जोड-कसरत होत नाही. तिला बाजारच लागतो.

"पडतील म्हणून नेत नाही," असं व्यवस्थापक म्हणतात. भीती खोटी नाही. पण बसून राहण्याचाही हिशोब असतो. अमेरिकेत सरासरी ६७ वर्षांच्या धडधाकट माणसांना दहा दिवस अंथरुणावर ठेवून पाहिलं. पायांचं जवळपास एक किलो मांस, मुख्यतः स्नायू, झडलं. फक्त दहा दिवसांत! एसटीची पायरी चढायला लागतो तो मांडीचा हाच स्नायू. पंचाहत्तरी पार केलेल्यांना ऑगस्ट २०२२पासून एसटी फुकट आहे. तिकीट सुटलं, पायरी मात्र तेवढीच उंच राहिली.

स्नायूंपेक्षा मला महत्त्वाची वाटते ती निवड. एलन लँगर आणि ज्युडिथ रोडिन या मानसशास्त्रज्ञांनी सत्तरच्या दशकात अमेरिकेतल्या एका वृद्धनिवासात साधा प्रयोग केला. एका मजल्यावर सांगितलं, तुमचे निर्णय तुम्ही घ्या, कुंडीतलं रोप निवडा आणि तुम्हीच जपा. दुसऱ्या मजल्यावर रोप दिलं, पण पाणी परिचारिका घालणार. दीड वर्षानं पाहिलं तर पहिल्या गटातले ४७पैकी ७ जण वारले होते, दुसऱ्यातले ४४पैकी १३. आकडे लहान आहेत, त्यावर फार मोठी इमारत उभी करू नये. तरी चहातल्या साखरेचा विचार करायला ते पुरेसे आहेत. पन्नास जणांना एका बसमध्ये कोंबून देवदर्शन, हातात केळं, मग फोटो, याला सहल म्हणायला माझी हरकत नाही. त्यात निवडायला मात्र काहीच नसतं.

स्मृतिभ्रंश झालेल्यांनाही न्यावं, पण त्याच बाजारात, त्याच वाटेनं. सवयीनं हातात बसलेली कामं मेंदू वेगळ्या ठिकाणी सांभाळतो, आणि ती नावं-तारखांपेक्षा उशिरा पुसली जातात. चौघींतल्या एकींना नातवाचं नाव आठवत नव्हतं. मेथीची जुडी मात्र त्या पानं उलटून, देठ मोडून बघत होत्या.

एक गोष्ट कोणी उघड बोलत नाही. बाहेर जायला नकार देणाऱ्यांना बरेचदा संडास-लघवीची धास्ती असते. मग निघायच्या आधी पाणीच पीत नाहीत. म्हातारपणी तहान मुळातच कमी लागते, वर रक्तदाबाच्या काही गोळ्या लघवी वाढवतात. मे महिन्यात पारा ४४-४५वर जाणाऱ्या आपल्या मुलखात हे जिवावर बेतू शकतं. बाजाराजवळचा स्वच्छ संडास आधी बघून ठेवायचा, तो कुठे आहे ते आज्यांना सांगायचं, आणि उन्हाळ्यात सकाळी नऊच्या आत परतायचं.

आणि एकदा सुरू केलं की मध्येच सोडायचं नाही. रिचर्ड शुल्झ या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी सत्तरच्या दशकात वृद्धनिवासात तरुण पाहुणे पाठवले. पाहुणा कधी येणार हे ज्यांना आधीपासून ठाऊक होतं, किंवा ज्यांना ते स्वतः ठरवता येत होतं, ते टवटवीत झाले. प्रयोग संपला, पाहुणे थांबले, आणि नंतर तपासलं तर नेमके तेच जास्त खालावले होते. १ ऑक्टोबरच्या ज्येष्ठ नागरिक दिनी एकदा उत्साहात येऊन जाणाऱ्यांनी हे जरूर ध्यानात घ्यावं.

वांगी घेऊन झाली. सुट्टे नव्हते, पाच रुपये आजींकडून यायचे राहिले. "राहू दे, माय," वांगीवाला म्हणाला. आजींनी मान हलवली. पुढच्या बाजाराच्या आदल्या दिवशी मी आश्रमात डोकावलो, तर पाचाचं नाणं पदराच्या गाठीत बांधलेलं होतं आणि पिशवी उशाशी घडी घालून ठेवलेली.