नापास गाड्या काय सांगतात?

ब्रिटनमध्ये तीन वर्षांहून जुनी मोटार रस्त्यावर चालवायला सुरक्षित आहे का हे पाहणाऱ्या ‘एमओटी’ (मिनिस्ट्री ऑफ ट्रान्सपोर्ट) तपासणीला दरवर्षी एकदा न्यावी लागते. देशभरातल्या वीस हजारांहून अधिक मान्यताप्राप्त गॅरेजांमध्ये वर्षाला सुमारे तीन कोटी तपासण्या होतात. त्यांतल्या तीस टक्क्यांच्या आसपास गाड्या पहिल्या फेरीत नापास होतात. २००५ पासून हे सगळं संगणकावर नोंदलं जातं: गाडीचं मॉडेल, इंधन, पहिल्या नोंदणीची तारीख, त्या दिवशीचा ओडोमीटरचा (गाडी एकूण किती चालली ते दाखवणाऱ्या मीटरचा) आकडा आणि सापडलेला प्रत्येक दोष. मालकाची ओळख गाळून हा साठा सरकारने सर्वांसाठी खुला केला आहे. रोजच्या वापरात यंत्र कसं झिजतं, हे शिकायला याहून मोठी प्रयोगशाळा क्वचितच मिळेल.

इतका माल हाताशी आला की पहिला मोह होतो तो क्रमवारी लावण्याचा. कोणत्या कंपनीच्या किती गाड्या नापास झाल्या, टक्केवारी काढा, सर्वांत कमी टक्केवारीची गाडी सर्वांत भरवशाची. अशा याद्या छापून येतात, लोक त्या वाचून गाड्या घेतात. माझं म्हणणं असं, की नुसत्या पास-नापासच्या टक्केवारीत गाडीपेक्षा गाडीचा मालकच जास्त दिसतो. गाडीबद्दल काही कळून घ्यायचं असेल तर ती कशामुळे नापास झाली ते पाहायला हवं, आणि कोणत्या वयाला, किती रनिंगनंतर, कोणत्या नियमाखाली, तेही.

मुळात ही तपासणी टिकाऊपणा मोजायला निघालेलीच नाही. १९५६ च्या कायद्याने तिची तरतूद झाली आणि १९६० मध्ये वाहतूक मंत्री अर्नेस्ट मार्पल्स यांच्या काळात ती प्रत्यक्ष सुरू झाली. तेव्हा फक्त दहा वर्षांहून जुन्या गाड्यांचे ब्रेक, दिवे आणि स्टिअरिंग एवढंच पाहिलं जाई. त्यातही इतक्या गाड्या नापास झाल्या की वयाची अट लवकरच सात वर्षांवर आणि १९६७ मध्ये तीन वर्षांवर आणावी लागली. पुढे टायर आले, १९७७ मध्ये वायपर आणि गाडीचा सांगाडा आला, १९९१ मध्ये पेट्रोल गाड्यांच्या धुराची मोजणी आली. रस्त्यावरच्या इतर माणसांना या गाडीपासून धोका आहे का, एवढाच प्रश्न या सगळ्यामागे आहे. त्यामुळे इंजिन, क्लच आणि गिअरबॉक्स यांची अवस्था एमओटीत तपासलीच जात नाही. इंजिनाच्या आतल्या भागांचा मेळ राखणारा पट्टा, म्हणजे टायमिंग बेल्ट, तुटायला टेकलेली गाडी सहज पास होईल. उलट, यंत्र ठणठणीत असलेली गाडी एका नंबर प्लेटच्या दिव्यापायी नापास होईल.

जे तपासलं जातं ते मात्र नीट मोजून तपासलं जातं. ब्रेकचंच घ्या. चाकं फिरत्या रोलरवर ठेवून ब्रेकचं एकूण बल मोजतात आणि ते गाडीच्या वजनाच्या किती टक्के आहे ते काढतात. जुन्या मोटारींना ५० टक्के लागतात, सप्टेंबर २०१० पासून रस्त्यावर आलेल्या मोटारींना ५८. हा फरक किरकोळ वाटतो, पण ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी ब्रेक लागल्यापासून पहिल्या हिशोबाने सुमारे २० मीटरवर थांबेल आणि दुसऱ्या हिशोबाने १७ मीटरवर. मधल्या तीन मीटरमध्ये एक माणूस रस्ता ओलांडत असू शकतो.

आता नापास होण्याची कारणं बघू. वर्षानुवर्षं तीच चार नावं वर असतात: दिवे, सस्पेन्शन, ब्रेक आणि टायर. यांतले दिवे आणि टायर आधी बाजूला काढावेत. बल्ब जातो तो बल्बच्या वयाने, आणि तपासणीच्या आदल्या दिवशी गाडीभोवती एक चक्कर मारणाऱ्याला तो दिसतो. टायरच्या खाचांची खोली किमान १.६ मिलिमीटर लागते. ती कमी भरली तर त्यात कारखान्याचा काही दोष नाही, मालकाने टायर वेळेत बदलला नाही इतकंच. एखाद्या मॉडेलचे टायर लवकर झिजतात हे खरं असू शकतं, पण झिजलेला टायर घालून तपासणीला येणं हा माणसाचा निर्णय असतो. वायपरच्या रबराचंही तेच. किरकोळ दोष तासाभराच्या आत जागेवरच दुरुस्त केला तर ‘दुरुस्तीनंतर पास’ अशी वेगळी नोंद होते. ती नापासात धरायची की पासात, यावर एखाद्या मॉडेलची टक्केवारी बरीच हलते. याद्या छापणारे बहुतेक वेळा हे सांगतच नाहीत, आणि ते सांगायला हवं.

सस्पेन्शन आणि गंज यांची गोष्ट वेगळी. इथे कारखान्यातला जुना निर्णय दहा वर्षांनी बोलतो. ब्रिटिश तपासण्यांमध्ये वारंवार येणारा एक दोष म्हणजे तुटलेली कॉइल स्प्रिंग. स्प्रिंगची तार पीळ बसल्याने ताणली जाते, आणि तिच्यातला ताण तारेच्या व्यासाच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात असतो. म्हणजे भार आणि वेटोळ्याचा घेर तोच ठेवून तार दहा टक्के बारीक केली, तर ताण दहा टक्क्यांनी नाही, सुमारे ३७ टक्क्यांनी वाढतो. गाडीचं वजन कमी करण्यासाठी उत्पादकांनी जास्त ताकदीचं पोलाद घेतलं आणि तार बारीक केली. ताकदीच्या हिशोबात हे बरोबर बसतं, पण असं कडक पोलाद पृष्ठभागावरच्या लहानशा जखमेलाही फार हळवं असतं. रस्त्यावरचा खडा उडून स्प्रिंगच्या रंगाचा टवका निघतो, हिवाळ्यात बर्फ वितळवायला टाकलेलं मीठ तिथे पोचतं, गंजाचा छोटा खड्डा पडतो. त्या खड्ड्याच्या टोकाशी ताण एकवटतो. मग प्रत्येक गतिरोधक, प्रत्येक खड्डा तिथली भेग केसाच्या अंशाने पुढे सरकवतो, आणि एक दिवस तार तुटते. बहुधा तळाच्या वेटोळ्यापाशी, कारण पाणी आणि मीठ तिथेच साचून राहतं. चालकाला कित्येकदा पत्ताही लागत नाही. गाडी लिफ्टवर चढल्यावर तो तुकडा दिसतो.

ही साखळी मालकाच्या हातातली नाही. स्प्रिंगला कोणता लेप दिला, तिची बैठक कशी घडवली, पाणी निघून जायला वाट ठेवली का, हे सगळं रेखाटनाच्या टेबलावर ठरतं. म्हणून एकाच वयाच्या, एकाच वर्गाच्या दोन मॉडेलांपैकी एकाच्या स्प्रिंगा सातत्याने जास्त तुटत असतील तर तो आकडा मी गंभीरपणे घेईन. सस्पेन्शनमधले सांध्यांचे रबरी बुश, बॉल जॉइंट (चेंडूसारखे फिरते सांधे), ब्रेकच्या लोखंडी नळ्या, सांगाड्याचा गंज हे सगळे याच जातीचे दोष. भरवशाची गाडी शोधायची तर या रकान्यांत शोधावी.

पण तिथेही वयाचा सापळा आहेच. मुद्दाम घेतलेले सोपे आकडे पाहा. समजा ‘क’ आणि ‘ख’ अशा दोन कंपन्यांच्या प्रत्येकी हजार गाड्या तपासल्या. ‘क’च्या २०० गाड्या नव्या आहेत, त्यांतल्या १० टक्के नापास, ८०० जुन्या, त्यांतल्या ४० टक्के नापास. एकूण नापास ३४०. ‘ख’च्या ८०० नव्या, १४ टक्के नापास; २०० जुन्या, ४६ टक्के नापास. एकूण २०४. नव्यांमध्ये ‘क’ सरस, जुन्यांमध्येही ‘क’ सरस, आणि एकूण यादीत मात्र ‘ख’ कितीतरी वर! ‘क’च्या गाड्या जास्त वर्षं रस्त्यावर टिकल्या, याचीच तिला शिक्षा झाली. संख्याशास्त्रज्ञ एडवर्ड सिम्पसन यांनी १९५१ मध्ये या प्रकारच्या उलटापालटीची मांडणी केली, म्हणून संख्याशास्त्रात ती त्यांच्या नावाने ओळखली जाते. उपाय अवघड नाही. समान वयाच्या आणि साधारण समान रनिंगच्या गाड्यांचीच आपसात तुलना करायची. ओडोमीटरचा आकडा प्रत्येक नोंदीत असतो, तेव्हा न करण्याला सबब नाही.

वय सारखं घेऊनही एक प्रश्न उरतो. पंधरा वर्षांच्या ज्या गाड्या तपासणीला येतात, त्या भंगारात न गेलेल्या गाड्या असतात. एखाद्या मॉडेलचे गिअरबॉक्स बाराव्या वर्षी धडाधड निकामी होत असतील, तर त्या गाड्या दुरुस्त करणं परवडत नाही, त्या मोडीत जातात आणि आकडेवारीतून गायब होतात. मागे राहतात त्या सांभाळलेल्या. म्हणूनच नापास होण्याचं प्रमाण वयाबरोबर वाढत जातं आणि फार जुन्या, हौसेने जपलेल्या गाड्यांमध्ये पुन्हा खाली येतं. मे २०१८ पासून चाळीस वर्षांहून जुन्या आणि मूळ रूपात ठेवलेल्या मोटारींना ब्रिटनने या तपासणीतून सूटच दिली. एखादं मॉडेल किती टिकाऊ आहे हे पाहायचं तर त्या वर्षी नोंदलेल्यांपैकी आज किती गाड्या तपासणीला येतात, हाही आकडा हवा. माझ्या मते तो नापासाच्या टक्केवारीहून प्रामाणिक आहे, पण त्याच्याकडे फारसं कुणी बघत नाही.

नियम बदलले की गाडी न बदलताही निकाल बदलतो. २० मे २०१८ रोजी दोषांची धोकादायक, मोठा आणि किरकोळ अशी नवी वर्गवारी आली. काजळी अडवणारी गाळणी असलेल्या डिझेल गाडीतून कोणत्याही रंगाचा धूर दिसला तर ती नापास ठरू लागली. २०१७ मध्ये सहा वर्षांची असलेली डिझेल गाडी आणि २०१९ मध्ये सहा वर्षांची असलेली तशीच गाडी, यांनी वेगवेगळ्या प्रश्नपत्रिका सोडवल्या. आणि इथली गणिती अडचण खरोखर गहन आहे: तपासणीचं वर्ष वजा जन्मवर्ष म्हणजे वय. तीनपैकी दोन कळले की तिसरं ठरलंच. त्यामुळे वयाचा परिणाम, त्या पिढीच्या गाड्यांचा परिणाम आणि त्या वर्षीच्या नियमांचा परिणाम हे नुसत्या आकड्यांतून पूर्णपणे वेगळे करता येत नाहीत. बाहेरची माहिती आणावीच लागते. कोविडच्या साथीच्या काळात, ३० मार्च २०२० पासून काही महिने, ब्रिटनने तपासणीला सहा महिन्यांची मुदतवाढ दिली होती. त्या वर्षीच्या नोंदी वापरताना हेही ध्यानात ठेवावं लागतं.

छोट्या संख्यांबद्दल थोडक्यात. एखाद्या दुर्मिळ मॉडेलच्या २०० तपासण्यांत ३० टक्के नापास दिसले, तर खरा आकडा साधारण २४ ते ३६ च्या दरम्यान कुठेही असू शकतो. २०,००० तपासण्या असतील तर हीच अनिश्चितता एक टक्क्याच्या आत येते. यादीतली अगदी वरची आणि अगदी खालची जागा पुष्कळदा अशाच विरळ मॉडेलांना मिळते.

जर्मनीत पहिली तपासणी तिसऱ्या वर्षी आणि मग दर दोन वर्षांनी होते. तिथल्या ट्यूफ या वाहनं तपासणाऱ्या संस्थांचा वार्षिक अहवाल गाड्यांना वयोगटांत विभागूनच क्रम लावतो, म्हणून तो जास्त विश्वासाचा. तरी त्यातही मालक डोकावतोच. पोर्शे ९११ कित्येक वर्षं वरच्या क्रमांकांत असे. गाडी उत्तम आहेच, पण ती कमी चालवली जाते, छपराखाली उभी राहते आणि तिच्या सर्व्हिसिंगवर कुणी काटकसर करत नाही. २०२४ च्या अहवालात दोन-तीन वर्षांच्या गाड्यांमध्ये टेस्ला मॉडेल ३ सर्वांत शेवटी होती, १४.७ टक्के गाड्यांत मोठे दोष सापडले. ब्रेकच्या डिस्क, दिवे आणि सस्पेन्शन यांवर बोट ठेवलं गेलं. विजेच्या गाड्या वेग कमी करताना मोटरच जनित्रासारखी चालवून ऊर्जा परत मिळवतात, त्यामुळे डिस्कवर पॅड घासलं जाणं कमी होतं आणि न घासलेल्या डिस्कवर गंज चढतो. शिवाय या कंपनीत दरवर्षी सर्व्हिसिंगची सक्ती नाही, तेव्हा तो गंज आधी कुणाच्या नजरेला पडत नाही. पण त्याच अहवालात फोक्सवॅगनची ई-गोल्फ ही विजेवरचीच गाडी वरच्या क्रमांकांत होती. ‘विजेच्या गाड्या बेभरवशाच्या’ असा निष्कर्ष त्यातून काढणाऱ्यांनी तो मागे घ्यावा.

सामान्य खरेदीदाराला या साठ्याचा सर्वांत थेट उपयोग एकेका गाडीपुरता आहे. ब्रिटनमध्ये नोंदणी क्रमांक टाकला की सरकारी संकेतस्थळावर त्या गाडीचा तपासणीचा इतिहास फुकट दिसतो. तिथे पास-नापासपेक्षा सूचनांचा रकाना वाचावा: गाडी पास झाली, पण ‘ब्रेकची नळी किंचित गंजली आहे’, ‘बुश झिजू लागला आहे’ अशा शेऱ्यांचा. तोच शेरा सलग तीन वर्षं तसाच दिसत असेल, तर मालकाने दुरुस्ती टाळली आहे. एका वर्षी शेरा आणि पुढच्या वर्षी तो नाहीसा, तर कुणीतरी काम करून घेतलेलं आहे. ओडोमीटरचे आकडे वर्षाच्या क्रमाने लावावेत. ते कुठे मागे गेले असतील, किंवा वर्षाला पंधरा हजार मैल चालणारी गाडी अचानक दोनशे मैलांवर आली असेल, तर विक्रेत्याला पहिला प्रश्न त्याबद्दलच विचारावा.