अमेरिकाना

अमेरिकाना हे ब्राझीलच्या साओ पाउलो राज्यातील, दोन लाखांहून अधिक लोकवस्तीचे औद्योगिक शहर असून ते राज्याच्या राजधानीपासून वायव्येस सुमारे १२५ किमी. अंतरावर आहे. अमेरिकेच्या यादवी युद्धात हरलेल्या दक्षिणेकडील राज्यांतून देशत्याग करून आलेल्या कुटुंबांवरून त्याला हे नाव पडले. या लोकांना ब्राझीलमध्ये ‘कॉन्फेदेरादोस’ म्हणतात.

१८६५ मध्ये युद्ध संपले, तेव्हा दक्षिणेतील मळ्यांची शेती मोडकळीस आली होती आणि विजेत्यांच्या अमलाखाली राहणे अनेकांना असह्य वाटत होते. या युद्धामुळे इंग्लंडमधील लँकेशरच्या गिरण्यांना अमेरिकी कापूस मिळेनासा झाला आणि मुंबईच्या कापूस बाजारात मोठी तेजी आली, हे महाराष्ट्रातील वाचकांना परिचित आहे. ब्राझीलचा सम्राट दुसरा पेद्रो यालाही आपल्या देशात कापसाची लागवड वाढवायची होती आणि त्यासाठी त्याने या जाणत्या शेतकऱ्यांना स्वस्त जमीन व प्रवासाच्या सवलती देऊ केल्या. ब्राझीलमध्ये गुलामगिरी १३ मे १८८८ पर्यंत कायदेशीर होती, ही गोष्ट स्थलांतराच्या कारणांतून वगळणे योग्य नाही. आलेल्यांपैकी काहींनी तेथे पुन्हा गुलाम विकत घेतले.

अलाबामा राज्याच्या सिनेटचा माजी सदस्य कर्नल विल्यम हचिन्सन नॉरिस हा मुलगा रॉबर्ट याच्यासह डिसेंबर १८६५ मध्ये रिओ दी जानेरोला उतरला. पुढच्या वर्षी त्याने सांता बार्बरा गावाजवळ जमीन घेतली आणि त्याच्यामागोमाग इतर कुटुंबे येत गेली. ॲमेझॉनकाठी सांतारेंजवळ, रिओ दोसे नदीच्या खोऱ्यात आणि इग्वापेच्या परिसरात वसवलेल्या अमेरिकी वसाहतींपैकी बहुतेक विस्कटल्या. सांता बार्बराची मात्र टिकली. तिथल्या शेतकऱ्यांनी सुधारित लोखंडी नांगर आणला आणि अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातील जातीच्या कलिंगडाची लागवड रुजवली.

हे लोक प्रॉटेस्टंट होते आणि कॅथलिक दफनभूमीत त्यांना जागा नव्हती. म्हणून १८६० च्या दशकाच्या अखेरीस कर्नल ॲसा ऑलिव्हर याच्या पत्नीचे दफन त्याच्या शेतातच झाले आणि तेथे पुढे ‘सेमितेरिओ दो कांपू’ ही दफनभूमी झाली.

शहराचा स्थापनादिन मात्र स्थलांतरितांच्या आगमनाचा नसून रेल्वेचा आहे. २७ ऑगस्ट १८७५ रोजी सम्राटाच्या उपस्थितीत ‘सांता बार्बरा’ स्थानक सुरू झाले आणि त्याच्याभोवती वस्ती वाढली. मूळ सांता बार्बरा गाव स्थानकापासून दूर असल्याने टपाल भलत्याच ठिकाणी जाई. हा घोळ मिटवण्यासाठी १९०० मध्ये स्थानकाला ‘व्हिला अमेरिकाना’ नाव देण्यात आले. भोवतालचे लोक या वस्तीला आधीपासूनच अमेरिकनांची वाडी म्हणत होते. १९२४ मध्ये येथे नगरपालिका झाली आणि १९३८ मध्ये नाव आजच्याइतके आटोपशीर झाले.

शहराच्या वाढीचे खरे श्रेय केवळ अमेरिकनांना देता येत नाही. १८८७ पासून इटालियन शेतमजूर मोठ्या संख्येने आले, तर कारिओबा येथील कापडगिरणी विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मन वंशाच्या म्युलर कुटुंबाने वाढवली. पुढे कृत्रिम रेशमाच्या विणकामासाठी शहर प्रसिद्ध झाले.

अमेरिकनांच्या कबरी आज अमेरिकानात नसून शेजारच्या सांता बार्बरा द’ओएस्ते नगरपालिकेच्या हद्दीत आहेत. १९७२ मध्ये जॉर्जियाचे तत्कालीन राज्यपाल जिमी कार्टर यांनी ही दफनभूमी पाहिली. तेथे भरणाऱ्या वंशजांच्या वार्षिक उत्सवात दक्षिणेचा युद्धध्वज दीर्घकाळ फडकत असे आणि गुलामगिरीचे हे चिन्ह सार्वजनिक सोहळ्यात नको, अशी कृष्णवर्णीय संघटनांची रास्त मागणी होती.